जुना मोबाईल, फुगलेली बॅटरी आणि कंपनीची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण आमच्या भागातल्या सोसायट्यांमधून ई-कचरा गोळा करतो. ग्रुपवर तारखेचा मेसेज पडला की खाली प्रश्नांची रांग लागते, आणि त्यातले निम्मे मागच्या वेळचेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू. आधी सोपे प्रश्न आहेत, मग किचकट. तुमचा प्रश्न वरवर पाहून सापडला नाही तर शेवटून वाचत या, अडचणीची प्रकरणं तिकडे आहेत.

१. हे ईपीआर ईपीआर म्हणतात ते नक्की काय असतं?

विस्तारित उत्पादक जबाबदारी. म्हणजे ज्याने टीव्ही, फोन, बॅटरी बाजारात आणून नफा कमावला, त्यानेच ती वस्तू बाद झाल्यावर तिच्या विल्हेवाटीचा खर्च आणि व्यवस्था बघायची, तो भार एकट्या महापालिकेवर किंवा तुमच्या-आमच्यावर टाकायचा नाही. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, मग २०१६ चे आले, आणि आता चालू आहेत ते २०२२ चे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत. ते आधी २००१ चे होते आणि फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते, ऑगस्ट २०२२ मध्ये नवीन आले आणि त्यात झाडून सगळ्या बॅटऱ्या घेतल्या: रिमोटचा सेल, मोबाईलची, गाडीची, ई-स्कूटरची, कारखान्यातली. ई-कचऱ्याच्या यादीतही आधी २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. म्हणजे मिक्सर, ट्रिमर, खेळण्यातली रिमोटची कार असं बरंच काही आत आलंय.

२. मग कंपनीने माझा जुना टीव्ही घरून उचलून न्यायलाच पाहिजे ना? कस्टमर केअर टाळाटाळ करतंय.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि उत्तर ऐकून लोक चिडतात. नाही, "तुमचाच" टीव्ही नेला पाहिजे अशी सक्ती २०२२ च्या नियमांत नाही. कंपनीला टार्गेट असतं ते वजनात. इतके इतके टन ई-कचरा रीतसर रिसायकल झाला याची प्रमाणपत्रं तिने दाखवायची, मग तो कचरा तिच्या ब्रँडचा असो नाहीतर दुसऱ्याच्या, पुण्याचा असो नाहीतर पाटण्याचा. तुमचा टीव्ही माळ्यावर पडून राहिला तरी कंपनीचा कागद पूर्ण होऊ शकतो.

बऱ्याच मोठ्या ब्रँडच्या वेबसाईटवर पिकअपची सोय असते, टोल-फ्री नंबर असतो, काहींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये डबा ठेवलेला असतो, तर ते आधी करून बघा. लोकांमध्ये जागृती करणं हे कंपनीचं नियमाने ठरलेलं काम आहे, त्यामुळे "आमच्याकडे असं काही नसतं" हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका, ई-मेल करा, लेखी उत्तर मागा. पण वस्तू शेवटी कुठे जाते हे तुम्ही ती कुणाच्या हातात देता त्यावर ठरतं. कंपनीच्या जबाबदारीवर विसंबून निर्धास्त राहू नका एवढंच माझं म्हणणं. कुणाच्या हातात द्यायची ते प्र. ५ आणि ६ मध्ये आहे.

३. कंपनीचं टार्गेट ठरतं कसं?

किती वर्षांपूर्वी किती माल विकला यावरून. प्रत्येक वस्तूचं सरासरी आयुष्य नियमाने ठरवलेलं आहे. समजा एखाद्या वस्तूचं आयुष्य ५ वर्षं धरलंय आणि कंपनीने २०२०-२१ मध्ये १००० टन माल विकला, तर २०२५-२६ मध्ये तिला त्याच्या ७० टक्के म्हणजे ७०० टनांचा हिशोब द्यायचाय. पहिली दोन वर्षं (२०२३-२४, २०२४-२५) हे प्रमाण ६० टक्के होतं, २०२५-२६ आणि २०२६-२७ ला ७०, आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. जी कंपनी नुकतीच धंद्यात उतरली आणि जिचा माल अजून म्हातारा व्हायचाय, तिला कमी टार्गेट असतं, दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या २० टक्के.

४. आणि हे प्रमाणपत्र कुठून येतं? कंपनी स्वतः तर काही रिसायकल करताना दिसत नाही.

बहुतेक कंपन्या करतच नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, म्हणजे सीपीसीबीच्या पोर्टलवर नोंद असलेला रिसायकलर ई-कचऱ्यातून धातू काढतो, किती काढला ते पोर्टलवर भरतो, त्यावरून प्रमाणपत्र तयार होतं आणि कंपनी ते त्याच्याकडून विकत घेते. ई-कचऱ्यात हे चार धातूंवर मोजलं जातं: सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम.

आता यातली गोम बघा. टीव्हीचं प्लास्टिकचं कव्हर, काच, फोम यांच्यावर प्रमाणपत्र नाही. म्हणून रिसायकलरलाही मदरबोर्ड आणि तांब्याची वायर बघितली की आनंद होतो, आणि जुना डबडा टीव्ही बघितला की "गाडीभाडं कोण देणार" असं विचारतो. तुमच्या सोसायटीने फक्त चार पिक्चर ट्यूबवाले टीव्ही आणि एक प्रिंटर गोळा करून फोन केला तर गाडी येत नाही ती यामुळे. त्यात लॅपटॉप, वायरी, जुने यूपीएस असं मिसळून ठेवा, येते.

५. भंगारवाल्याला दिलं तर काय बिघडतं? तो तर पैसेही देतो.

भंगारवाला व्हिलन आहे असं मला कुणी म्हटलं की मी आधी भांडतो. देशातला ई-कचरा दारोदार जाऊन गोळा करतो तो हाच माणूस, तो नसता तर यातलं बरंच सगळं नाल्यात सापडलं असतं. बिघडतं ते पुढच्या टप्प्यावर.

एक बंद पडलेला यूपीएस काट्यावर चढल्यावर काय होतं ते मी दुकानात बसून बघितलंय. आधी चार स्क्रू काढून पत्र्याचा डबा वेगळा, तो लोखंडाच्या ढिगात. आतला ट्रान्सफॉर्मर छिन्नीने फोडून तांब्याची गुंडाळी बाहेर. बॅटरी एका बाजूला, तिचा घेणारा वेगळा. हिरवा सर्किट बोर्ड गोणीत, गोणी भरली की त्याचा व्यापारी येऊन घेऊन जातो. दहा मिनिटांत यूपीएसचे चार माल झाले आणि चारही वेगवेगळ्या दिशांना गेले. इथपर्यंत कुणाला फारसा त्रास नाही. पण वायरवरचं पीव्हीसी सोलायला वेळ लागतो म्हणून कुठेतरी ती जाळतात, तो धूर विषारी. बोर्डावरचं सोनं काढायला तेजाब वापरतात आणि उरलेलं पाणी गटारात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद यासाठी वर्षानुवर्षं बदनाम आहेत, आणि तिथे हे काम करणाऱ्यांत बायका-पोरंही असतात. फ्रीजचं वेगळंच, कॉम्प्रेसरची नळी कापली की आतला गॅस फुस्सकन हवेत.

त्यामुळे माझा सल्ला असा की रद्दी, पत्रा, पंख्याचं लोखंड खुशाल भंगारवाल्याला द्या. बोर्ड, बॅटरी, स्क्रीन, फ्रीज, एसी असलं काही असेल तर त्यालाच विचारा की पुढे कुठे देतोस. काही जण आता नोंदणीकृत रिसायकलरला माल पोचवतात, पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ सहकारी संस्था आहे, अशी साखळी तुमच्या भागात असेल तर सगळ्यात उत्तम, कारण त्यात गोळा करणाऱ्याचं पोटही चालतं आणि मालही बरोबर ठिकाणी जातो.

६. "अधिकृत ई-कचरा संकलक" असं कार्ड घेऊन एक जण आला होता. खरा की खोटा कसं कळणार?

२०२२ च्या नियमांत नोंदणी चौघांचीच आहे: मूळ निर्माता (माल बनवणारा कारखाना), उत्पादक (तो आपल्या ब्रँडने किंवा आयात करून विकणारा, प्र. १४ बघा), रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) आणि रिसायकलर. गोळा करणाऱ्याची वेगळी नोंदणी नाही, त्यामुळे कार्डावर "अधिकृत संकलक" छापलेलं असलं तरी त्याला एकट्याला काही अर्थ नाही. त्याला विचारा, माल कुठल्या रिसायकलरकडे जातो, आणि ते नाव सीपीसीबीच्या ई-कचरा पोर्टलवर बघा, यादी सगळ्यांना खुली आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही विचारा. वजन आणि वस्तू लिहिलेली पावती घ्या, सोसायटीच्या नावाने देत असाल तर रिसायकलरकडे माल पोचल्याचं पत्र नंतर मागवा. आढेवेढे घेतले तर पुढच्या वेळी दुसरा माणूस बघायचा.

७. रिमोटचे संपलेले सेल घंटागाडीत टाकले तर चालतात का?

ओल्या-सुक्यात नाही. बॅटऱ्या डंपिंग ग्राउंडवर टाकायला आणि जाळायला नियमानेच बंदी आहे, आणि पॅकवर जो चाकाच्या डब्यावर फुली मारलेला शिक्का असतो तो हेच सांगतो. पण साध्या सेलला भंगारात भाव नाही, म्हणून कुणी स्वतःहून मागत नाही. घरात एक प्लास्टिकची बरणी ठेवा, वर्षभर भरत राहा आणि कलेक्शनच्या दिवशी आणून द्या. बटण सेल आणि ९ व्होल्टचे चौकोनी सेल टाकताना टोकांना चिकटपट्टी लावा, कारण ते एकमेकांना टेकले तर गरम होतात. ट्यूबलाईट आणि सीएफएल पण घंटागाडीत वेगळ्या द्यायच्या, न फोडता, त्यात पारा असतो.

८. मोबाईलची बॅटरी फुगलीये, मागचं झाकण उघडलंय. काय करू?

आधी चार्जिंग बंद. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, सुई-टाचणी लावू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका (हा उपाय कोण पसरवतं कळत नाही). फोन पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डबा घट्ट बंद करू नका, उन्हापासून आणि पडद्या-कपड्यांपासून लांब. लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला किंवा कलेक्शनला न्या आणि देताना तोंडाने सांगा की ही फुगलेली आहे. खोक्यात खाली सरकवून गपचूप निघून जाणारे महाभाग दर वेळी एक-दोन असतातच. वरून कुणी इस्त्री टाकली की संपलं. कुरिअरने तर अजिबात पाठवू नका.

९. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दिली की दुकानदार नवीनवर सूट देतो, पण लॅपटॉपच्या बॅटरीला कुणी विचारत नाही. असं का?

शिसं. इन्व्हर्टर आणि गाडीच्या बॅटरीत वजनाचा मोठा भाग शिशाचा, ते वितळवून पुन्हा बॅटरीतच वापरता येतं आणि बाजारात त्याला रोज भाव असतो. त्यामुळे तिची परतीची वाट कायद्याच्या आधीपासून चालू आहे. धोका एवढाच की तोच भाव बघून काही जण पत्र्याच्या शेडमध्ये घरगुती भट्टी लावतात, ॲसिड जमिनीत ओततात आणि आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात शिसं जातं. म्हणून जुनी बॅटरी जिथून नवीन घेताय त्याच डीलरला द्या आणि बिलावर तशी नोंद करून घ्या. रस्त्यावरचा माणूस दोनशे रुपये जास्त देत असेल तर ते दोनशे कुठून येतात याचा विचार करा.

लिथियमच्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल, लिथियम असतं, पण ते काढायला मोठा प्लांट लागतो आणि ने-आण धोक्याची. बॅटरीच्या नियमांनी इथे जरा जोर लावलाय: मोबाईलसारख्या लहान आणि ईव्हीच्या बॅटरीतून रिसायकलरने किती टक्के माल परत काढायचा ते ठरलेलं आहे, २०२४-२५ ला ७०, मग ८०, आणि २०२६-२७ पासून ९० टक्के. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या (क्रिटिकल) खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १५०० कोटींची योजनाही मंजूर केलीये. गल्लीपर्यंत त्याचा परिणाम यायला वेळ लागेल.

१०. फोन देताना आतले फोटो, बँकेचे मेसेज? भीती वाटते.

वाटायलाच पाहिजे. आजकालच्या फोनमध्ये डेटा कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो, आधी गूगल किंवा ॲपलच्या अकाउंटमधून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, तेवढं पुरतं. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका, कार्डं सर्रास राहतात. कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कला नुसतं फॉरमॅट चालत नाही, त्यातलं परत काढता येतं. डिस्क काढून ठेवा किंवा ड्रिलने दोन-तीन भोकं पाडून द्या. बंद पडलेला फोन रीसेट होणारच नसेल तर रिसायकलरकडून डेटा नष्ट केल्याचा दाखला मिळतो का ते विचारा, ऑफिसच्या मालाला तर हा घ्याच.

११. शाळेला जुने कॉम्प्युटर दान करायचेत. तो पण ई-कचराच का?

चालू असतील तर नाही. बंद असतील तर तुम्ही शाळेच्या गळ्यात कचरा मारताय. गावाकडच्या शाळेत जाऊन बघा, एक खोली असल्या "दानाने" भरलेली असते आणि हेडमास्तरांना ते रजिस्टरवरून काढताही येत नाही. आधी दुरुस्त करून, विंडोज की लिनक्स काय ते टाकून, की-बोर्ड-माऊससकट द्या.

नियमांतही दुरुस्तीला थोडं बक्षीस आहे. नोंदणीकृत रिफर्बिशरकडून वस्तू पुन्हा वापरात गेली तर तेवढ्या वजनाची कंपनीची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातली ७५ टक्केच पुन्हा तिच्या खात्यात येते.

१२. असेंबल केलेला पीसी, बंद पडलेल्या कंपनीचा टीव्ही, चायनाचा बिननावाचा स्पीकर. यांचा उत्पादक कोण?

कागदावर कुणीच नाही. अशा बेवारस वस्तू गोळा करून रिसायकलरकडे पोचवणं हे नियमाने शहराच्या पालिकेचं काम आहे. वॉर्ड ऑफिसला हे माहीत असेलच असं नाही, नियमाचा उल्लेख करून अर्ज द्या. रिसायकलरला ब्रँडशी घेणंदेणं नसतं (प्र. ४), तो आतला धातू बघतो, त्यामुळे तुमच्यापुरती अडचण काहीच नाही, बाकीच्या मालाबरोबर देऊन टाका.

१३. अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप इथे टाकता येतो का? आणि आम्ही जर्मनीत राहतो, तिथे काय?

इथे बिनधास्त द्या, कारण वरचंच: रिसायकलर ब्रँड बघत नाही. जर्मनीत, खरं तर सगळ्या युरोपीय संघातच, गिऱ्हाईकाचा हक्क आपल्यापेक्षा पक्का आहे: ४०० चौरस मीटरच्या वरच्या इलेक्ट्रॉनिक दुकानाने २५ सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू फुकट घ्यायची, तुम्ही तिथे काही खरेदी करा नाहीतर नका करू. सेल विकणाऱ्या दुकानातच सेल परत टाकायची पेटी असते. कॅलिफोर्नियात स्क्रीनवाली वस्तू घेतानाच बिलात रिसायकलिंगची फी लागते. सुट्टीला येताना जुने फोन "इकडे कुणाला तरी होतील" म्हणून बॅगेतून आणू नका, तिकडेच द्या.

१४. माझा छोटा धंदा आहे, पॉवर बँक मागवून स्वतःचं नाव छापून विकतो. मी उत्पादक होतो का?

होता. माल कुणीही बनवलेला असो, स्वतःच्या ब्रँडने विकणारा किंवा बाहेरून आयात करून विकणारा हा नियमाच्या भाषेत उत्पादकच, ऑनलाईन विकत असलात तरी. दुसऱ्याच्या ब्रँडचा माल नुसता काउंटरवरून विकणारा दुकानदार यात येत नाही.

इथे एक सूक्ष्म फरक आहे तो नीट वाचा. ई-कचऱ्याचे नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत, आणि १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी, उलाढाल १० कोटी अशी वाढलीये, तर बरेच जण यातून सुटतात. पण बॅटरीच्या नियमांत अशी सूट नाही! आणि तिथे बॅटरी आत बसवलेली वस्तू आयात करणाराही उत्पादक धरला जातो. म्हणजे टॉर्च, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर आणताय तर बॅटरीसाठी सीपीसीबीच्या वेगळ्या पोर्टलवर नोंदणी बघावी लागेल. "मी मायक्रो आहे, मला काही लागत नाही" असं व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी सांगितलं म्हणून थांबू नका, सीएला विचारा.

१५. कंपनीने टार्गेट पूर्ण केलंच नाही तर? आणि खोटी प्रमाणपत्रं?

पर्यावरण भरपाई भरावी लागते, आणि पैसे भरले म्हणून टार्गेट माफ होत नाही, ते पुढच्या वर्षांवर चढतं. प्रमाणपत्राची किंमतही या भरपाईच्या ३० ते १०० टक्क्यांच्या मध्येच राहिली पाहिजे असं ठरलंय. म्हणजे साध्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रमाणपत्राला कंपनीला किलोमागे किमान २२ रुपये मोजावे लागतात. खर्च फार वाढला म्हणून काही मोठ्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. मला विचाराल तर किमान दर पाहिजेच, कारण धुराची, पाण्याची, कामगारांची नीट व्यवस्था करणारा रिसायकलर वायर जाळणाऱ्याच्या भावाशी स्पर्धा करूच शकत नाही, कुणीतरी तो फरक भरला पाहिजे.

खोट्याची भीती खरी आहे. प्लास्टिकच्या ईपीआरमध्ये २०२३ साली सीपीसीबीला सहा लाखांच्या वर बोगस प्रमाणपत्रं सापडली होती, त्यात महाराष्ट्रातले रिसायकलरही होते. पोर्टलवर आकडा भरला म्हणजे भट्टी पेटली असं नसतं. म्हणून तर प्र. ६ मधली पावती.

१६. आमच्या ऑफिसात हजारभर कॉम्प्युटर आहेत. लिलाव करून टाकला तर?

यादीतल्या वस्तू वर्षात कधीही १००० किंवा त्याहून जास्त वापरात असतील तर तुम्ही मोठे ग्राहक, आणि तुम्हाला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यावा लागतो. लिलाव करायला हरकत नाही, पण बोली लावणाऱ्यांची नोंदणी आधी तपासा, सगळ्यात जास्त बोली लावणारा बहुतेक वेळा बिगर नोंदणीचाच निघतो.

१७. गच्चीवरचं सोलर पॅनल फुटलं. हे ई-कचरा, बॅटरी की काच?

पॅनल ई-कचऱ्याच्या नियमांत येतं, पण त्याला वेगळा कप्पा आहे: उत्पादकाला अजून रिसायकलिंगचं टार्गेट नाही, २०३४-३५ पर्यंतचा असा कचरा त्याने साठवून ठेवायचा आणि दरवर्षी हिशोब द्यायचा. त्यामुळे ज्याने बसवून दिलं त्याला धरा, लेखी कळवा. सिस्टिमला जोडलेली बॅटरी असेल तर ती बॅटरीच्या नियमात, इन्व्हर्टरचा डबा ई-कचऱ्यात, आणि लोखंडी स्टँड मात्र खुशाल भंगारात.

१८. ई-स्कूटर स्क्रॅपला काढायची आहे. बॅटरी आधी काढून विकू का?

स्वतः खोलू नका, घरगुती वायरमनला पण नको, त्या पॅकमध्ये बंद गाडीतही भरपूर जोर शिल्लक असतो. बॅटरीचा उत्पादक ईव्ही बॅटरीच्या टार्गेटला बांधलेला आहे, त्यामुळे डीलरला विचारलं तर तो घ्यायला उत्सुक असायला हवा, आणि थोडी ताकद उरली असेल तर ती दुसऱ्या कामाला वापरताही येते. गाडीच्या सांगाड्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून वेगळे नियम लागू आहेत, त्यात वाहन कंपनीचं टार्गेट स्टीलवर मोजतात. म्हणजे एका स्कूटरचे दोन हिशोब. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात बॅटरीसकट दिलीत तर हे दोन्ही त्यांनी बघायचं, तुम्ही फक्त गाडी मोडल्याचा दाखला घ्या आणि आरटीओतली नोंद रद्द झाली का ते स्वतः जाऊन तपासा.